प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र संशोधन करतात तेव्हा : युरोपातल्या सॉफ्टवेअर उद्योगाची एक पद्धत

जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०२८ ते २०३४ या सात वर्षांच्या संशोधन कार्यक्रमासाठी १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. त्याआधीच्या, २०२१ ते २०२७ या काळातल्या कार्यक्रमाची मूळ तरतूद ९५.५ अब्ज युरोंची होती. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरचा अहवाल सादर केला होता आणि जगातल्या पहिल्या ५० तंत्रज्ञान कंपन्यांपैकी फक्त चार युरोपीय आहेत, याकडे त्यात लक्ष वेधले होते. तेव्हापासून युरोपात एक चर्चा पुन्हा जोर धरून आहे: संशोधनाचे विषय कोणी ठरवायचे, सरकारने की उद्योगाने? उद्योगाने ठरवायचे असतील, तर बाजारात एकमेकांचे ग्राहक पळवू पाहणाऱ्या कंपन्या एकाच प्रकल्पात कशा काम करतात, आणि त्यासाठी करदात्यांचा पैसा का द्यायचा?

हे प्रश्न बातम्यांत अनेकदा येतात. उत्तरे मात्र संक्षिप्त नावांच्या गर्दीत हरवतात. म्हणून इथे एकाच प्रकल्पाचा माग काढत ही पद्धत समजून घेऊ.

इथे ‘सॉफ्टवेअर’ म्हणजे नेमके कोणते?

सॉफ्टवेअर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोबाइलमधली ॲप्स आणि इंटरनेटवरच्या सेवा येतात. त्या क्षेत्रात अमेरिकी कंपन्यांचे वर्चस्व आहे. १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झालेल्या ‘सॅप’सारखे मोठे अपवाद युरोपात आहेत, पण ते थोडे. युरोपाचे खरे बळ यंत्रांच्या आत बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. बॉशचे ब्रेक-नियंत्रण, एअरबसचे विमान, फिलिप्सचे एमआरआय यंत्र, सीमेन्सची रेल्वे सिग्नल यंत्रणा ही सगळी उत्पादने बाहेरून धातूची दिसत असली, तरी त्यांचे वागणे सॉफ्टवेअर ठरवते.

अशा सॉफ्टवेअरची अडचण निराळी असते. एका आधुनिक मोटारीत डझनावारी नियंत्रक संगणक असतात आणि ते वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आलेले असतात. इंजिनाचा नियंत्रक एका कंपनीचा, गिअरबॉक्सचा दुसरीचा, ब्रेकचा तिसरीचा. यातला प्रत्येक भाग सुटा उत्तम चालला तरी एकत्र आल्यावर नीट चालेलच, असे नाही. ही एकत्र येण्याची समस्या कोणत्याही एका कंपनीच्या कुंपणात मावत नाही. उद्योगप्रणीत सहकार्याची गरज तिथूनच निर्माण झाली.

चाळीस वर्षांची वाट

या पद्धतीची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. अमेरिका आणि जपान संगणक उद्योगात झपाट्याने पुढे जात होते. युरोपीय समुदायाचे तत्कालीन उद्योग आयुक्त एतिएन दाव्हिन्यों यांनी सीमेन्स, फिलिप्स, बुल, ऑलिव्हेट्टी, आयसीएल अशा बारा मोठ्या कंपन्यांना एका टेबलाभोवती बसवले. त्या चर्चांतून १९८४ मध्ये ‘एस्प्रिट’ हा माहिती-तंत्रज्ञानाचा संशोधन कार्यक्रम उभा राहिला. त्याच वर्षी बुल, आयसीएल आणि सीमेन्स या तीन स्पर्धकांनी म्युनिकमध्ये एक सामाईक संगणक संशोधन केंद्रही काढले.

‘एस्प्रिट’ने एक संकल्पना रूढ केली: ‘स्पर्धापूर्व संशोधन’. उत्पादन बाजारात येण्याच्या आधीचे जे पायाभूत काम सर्वांनाच लागते, पण ज्यावर कोणाचा नफा थेट अवलंबून नसतो, ते मिळून करायचे. त्यापुढचे ज्याचे त्याने. एकाच बाजारपेठेत कांदा विकणारे शेजारी शेतकरी भावासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, पण बंधाऱ्यापासून शेतांपर्यंतचा पाट सगळे मिळून खणतात. एकट्याला तो परवडत नाही, आणि खणून झाल्यावरही दरवर्षी त्यातला गाळ काढावा लागतो. गाळाचा हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. या विषयातला सर्वांत अवघड भाग तोच आहे.

१९८५ मध्ये फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांच्या पुढाकाराने ‘युरेका’ हे निराळे जाळे सुरू झाले. ते युरोपीय आयोगाच्या चौकटीबाहेरचे आहे. विषय कंपन्यांनी सुचवायचे, आणि प्रत्येक देशाने आपापल्या कंपन्यांना मदत करायची, असे त्याचे सूत्र. या जाळ्यात १९९८ पासून सॉफ्टवेअरसाठी ‘आयटीईए’ नावाचा कार्यक्रम चालू आहे. त्याचे कार्यालय नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन शहरात आहे, आणि २०२१ पासून त्याचे चौथे पर्व सुरू आहे. तुर्कस्तान आणि दक्षिण कोरिया इथल्या कंपन्याही आज त्यात भाग घेतात.

उद्योगाचा पुढाकार म्हणजे प्रत्यक्षात काय?

युरोपीय आयोगाच्या नेहमीच्या पद्धतीत विषय आधी ब्रुसेल्समध्ये ठरतो आणि मग अर्ज मागवले जातात. आयटीईएमध्ये क्रम उलटा आहे. कंपन्या, छोटे उद्योग, विद्यापीठे आणि संशोधन संस्था एकत्र येऊन स्वतःच अडचण मांडतात. आधी थोडक्यात आराखडा द्यायचा, तो पसंत पडल्यास सविस्तर प्रस्ताव. प्रस्तावाचा दर्जा, त्याची औद्योगिक गरज आणि निष्कर्ष प्रत्यक्षात वापरले जाण्याची शक्यता तपासून त्याला कार्यक्रमाची मान्यता मिळते.

मान्यता मिळाली म्हणजे पैसे मिळाले, असे नाही. आयटीईए स्वतः निधी देत नाही. जर्मनीतल्या भागीदाराने जर्मन सरकारकडे, फ्रान्समधल्याने फ्रेंच सरकारकडे अर्ज करायचा असतो. यात एक चांगली गोष्ट अशी की प्रत्येक देश आपल्या प्राधान्यांनुसार पैसा लावतो. पण पाच देशांच्या प्रकल्पात चार देशांनी होकार दिला आणि पाचव्याने नाकारला, तर त्या देशातला भागीदार गळतो आणि त्याच्या वाट्याचे काम पोरके होते. या रचनेचा हा मूळ दोष आहे आणि त्यावर पूर्ण उपाय अजून सापडलेला नाही.

एक प्रकल्प, जवळून

आता आपले उदाहरण. २००८ ते २०११ या काळात आयटीईएच्या दुसऱ्या पर्वात ‘मॉडेलिसार’ नावाचा प्रकल्प झाला. त्याची निकड डाइमलर या मोटार कंपनीला जाणवत होती आणि नेतृत्व फ्रान्सच्या दासो सिस्तेम या सॉफ्टवेअर कंपनीकडे होते.

अडचण अशी होती. नवी मोटार बनवताना लोखंड कापण्याआधी तिची संगणकावर चाचणी घेतात. तिला सिम्युलेशन म्हणतात. त्यासाठी प्रत्येक भागाचे गणिती मॉडेल लागते. गिअरबॉक्स बनवणारा पुरवठादार आपले मॉडेल एका सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो, इंजिनवाला दुसऱ्या, वातानुकूलनवाला तिसऱ्या. ही मॉडेले एकमेकांशी बोलत नाहीत. मग प्रत्येक जोडीसाठी वेगळा रूपांतरक लिहायचा. दहा सॉफ्टवेअर असतील तर प्रत्येकातून इतर प्रत्येकात जाण्यासाठी ९० रूपांतरक लागतात, आणि एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्यातले अनेक मोडतात. त्याशिवाय पुरवठादाराला आपल्या मॉडेलमधली समीकरणे उघड करायची नसतात, कारण त्याचे सगळे कौशल्य त्यांतच असते. मोटार कंपनीला संपूर्ण गाडीची चाचणी हवी, आणि पुरवठादाराला गुपित राखायचे. यात कोणाचीच मागणी अवाजवी नव्हती.

या प्रकल्पातून ‘फंक्शनल मॉक-अप इंटरफेस’, थोडक्यात एफएमआय, हे मानक जन्माला आले. त्याची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली. कल्पना साधी आहे. प्रत्येक भागाचे मॉडेल एका झिप फाइलमध्ये बंद करायचे. तिच्यात एक वर्णनपत्रक असते: या मॉडेलला कोणत्या राशी द्यायच्या, ते कोणत्या परत देईल, त्यांची एकके कोणती. सोबत असतो यंत्रभाषेत रूपांतरित केलेला, प्रत्यक्ष चालणारा भाग. तो चालवता येतो, पण वाचून आतली समीकरणे सहजी काढता येत नाहीत. अशा प्रकारे गिअरबॉक्सवाल्याचे गुपितही राहते आणि डाइमलरची चाचणीही होते. वर उल्लेखलेल्या दहा सॉफ्टवेअरपैकी प्रत्येकाने एकदा ही फाइल लिहायला आणि एकदा वाचायला शिकले की पुरे. ९० चे काम २० वर येते.

फाइल वापरण्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. एकात मॉडेल फक्त आपली समीकरणे मांडते आणि ती सोडवण्याचे काम ते वापरणारे सॉफ्टवेअर करते. दुसऱ्यात प्रत्येक मॉडेल आपले गणित स्वतः सोडवते आणि ठरावीक क्षणांना इतर मॉडेलांशी फक्त उत्तरांची देवाणघेवाण करते. दुसरा प्रकार पुरवठादारांना अधिक सोयीचा, कारण तो आपली गणिती पद्धतही स्वतःकडेच ठेवू देतो.

प्रकल्पात डाइमलर आणि व्होल्व्हो होत्या, जर्मनीची अंतराळ संशोधन संस्था डीएलआर होती, जर्मनीतल्याच फ्राउनहोफर या संशोधन समूहाच्या संस्था होत्या. आणि आयटीआय, एलएमएस, सिमपॅक, क्यूट्रॉनिक अशा सिम्युलेशनशी संबंधित सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्याही होत्या, दासोच्या बरोबरीने. या सामाईक मानकाने त्यांच्या ग्राहकांना दुसरीकडे जाणे सोपे होणार होते. तरी त्या तयार झाल्या, याचे माझ्या मते एकच समाधानकारक कारण आहे: त्यांचे ग्राहक त्याच खोलीत बसले होते. नुसत्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन असे मानक बनवले असते, तर त्यात प्रत्येकाने आपल्यासाठी एक पळवाट ठेवली असती. म्हणून ‘उद्योगप्रणीत’ या विशेषणाला अर्थ येतो तो वस्तू विकत घेणारा उद्योगही पुढाकारात असेल तेव्हाच.

ही साटेलोट्याची सुरुवात तर नव्हे?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला युरोपात प्रत्यक्ष घडलेला आधार आहे. जुलै २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन समूह यांना मिळून सुमारे ८७.५ कोटी युरोंचा दंड केला. डिझेल गाड्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या तंत्रज्ञानात कायद्याने मागितलेल्यापेक्षा अधिक चांगली कामगिरी करण्याची स्पर्धा टाळायची, असे त्यांच्यात संगनमत झाले होते. डाइमलरही त्यात होती, पण तिने स्वतःहून माहिती दिल्यामुळे तिचा दंड माफ झाला. तांत्रिक चर्चांच्या निमित्ताने भेटणाऱ्या कंपन्यांनी काय करू नये, याचे हे ठळक उदाहरण आहे.

याच प्रकरणात आयोगाने दुसरी बाजूही स्पष्ट केली, आणि ती कमी ठाऊक आहे. धूर शुद्ध करणाऱ्या द्रवाच्या टाकीचे तोंड एकसारखे ठेवणे, त्या द्रवाच्या दर्जाची मानके ठरवणे, किंवा त्याची मात्रा नियंत्रित करणारे सॉफ्टवेअर मिळून विकसित करणे यांत काही गैर नाही, असे आयोगाने कंपन्यांना कळवले. सीमारेषा इथे आहे. जोडणी कशी असावी यावर बोलता येते. आपण किती चांगले असावे यावर संगनमत करता येत नाही.

संयुक्त संशोधनाला स्पर्धा कायद्यात खास सवलत आहे. तिचे ताजे नियम जुलै २०२३ पासून लागू आहेत. भागीदार एकमेकांचे स्पर्धक असतील, तर संबंधित बाजारातला त्यांचा एकत्रित वाटा २५ टक्क्यांहून अधिक नसावा, अशी सर्वसाधारण अट त्यात आहे. किमती ठरवून घेणे किंवा स्वतंत्र संशोधन करण्यापासून एकमेकांना रोखणे, अशा कलमांमुळे ही सवलत जाते.

श्रीमंत कंपन्यांना सरकारी पैसा कशासाठी?

बॉशला संशोधन परवडत नाही, असे कोणी म्हणणार नाही. पण एफएमआयसारख्या मानकाचा फायदा ते बनवणाऱ्यांइतकाच न बनवणाऱ्यांनाही होतो. असे काम एकट्याने केले तर खर्च आपला आणि लाभ सर्वांचा, हा हिशेब प्रत्येक कंपनीला कळतो; म्हणून कोणीच पुढे येत नाही. सार्वजनिक पैशाचे समर्थन इतकेच आहे, आणि ते मला पटते.

मात्र त्या पैशाला मर्यादा आहेत. युरोपीय संघाच्या सरकारी मदतीच्या नियमांनुसार मोठ्या कंपनीला औद्योगिक संशोधनाच्या खर्चाच्या साधारण निम्म्यापर्यंत आणि उत्पादनाच्या जवळ जाणाऱ्या प्रायोगिक विकासाच्या २५ टक्क्यांपर्यंत मदत देता येते. मध्यम कंपन्यांसाठी दहा आणि छोट्यांसाठी वीस टक्के-बिंदू अधिक, तसेच खऱ्याखुऱ्या सहकार्यासाठी आणखी पंधरा. मूलभूत संशोधनाला पूर्ण खर्च देता येतो. बाजाराच्या जितके जवळ जावे तितका सरकारचा हात आखडता होतो, हे तत्त्व योग्यच आहे.

मला यात एक अट अपुरी वाटते. सार्वजनिक पैशातून झालेले जोडणीचे मानक सर्वांसाठी खुले असलेच पाहिजे, असा ठाम आग्रह सर्वत्र दिसत नाही; बरेचसे भागीदारांच्या आपसांतल्या करारावर सोडले जाते. त्या करारात प्रत्येकाने सोबत आणलेले ज्ञान त्याचेच राहते, आणि प्रकल्पात नव्याने निर्माण झालेले ज्याने निर्माण केले त्याचे. हे न्याय्य आहे, पण पाट खणून त्याला फाटक लावण्याची मोकळीकही त्यातच आहे.

मग इतके प्रकल्प विसरले का जातात?

याचे पहिले कारण धोरणांतली अस्थिरता. यंत्रांतर्गत सॉफ्टवेअरसाठी युरोपीय संघाने २००८ मध्ये ‘आर्टेमिस’ ही संयुक्त संस्था उभी केली. २०१४ मध्ये ती चिपविषयक संस्थेत विलीन होऊन ‘एक्सेल’ झाली, २०२१ मध्ये तिची जागा ‘केडीटी’ने घेतली, आणि २०२३ मध्ये तिचे रूपांतर सरळ ‘चिप्स’ संस्थेत झाले. पंधरा वर्षांत चार नावे, आणि दर वेळी भर सॉफ्टवेअरकडून सिलिकॉनकडे सरकत गेलेला.

दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. प्रकल्प तीन वर्षांचा असतो, सॉफ्टवेअर मात्र तीस वर्षे चालवावे लागते. शेवटच्या महिन्यात प्रात्यक्षिक होते, अहवाल जमा होतो, भागीदार पुढच्या प्रस्तावाला लागतात. त्यानंतर चुका कोण दुरुस्त करणार? पाटातला गाळ म्हणतो तो हा. त्यामुळे संयुक्त प्रकल्पाची खरी परीक्षा निधी संपल्यानंतरच्या वर्षी होते, असे मला ठामपणे वाटते. पण मूल्यमापन मात्र बहुधा निधी संपतो त्या दिवशी होते.

एफएमआय या परीक्षेत उतरले, कारण त्याला घर मिळाले. स्वीडनमध्ये नोंदणी असलेली ‘मॉडेलिका असोसिएशन’ ही ना-नफा संस्था त्याच क्षेत्रातली, अशी मॉडेले लिहिण्याची एक संगणकीय भाषा आधीपासून सांभाळत होती. मॉडेलिसार संपल्यावर एफएमआयची जबाबदारी तिने घेतली. दुसरी आवृत्ती २०१४ मध्ये आली, तिसरी २०२२ मध्ये. आज दोनशेहून अधिक सॉफ्टवेअर हे मानक ओळखतात. त्यावर पुढची कामेही झाली: ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या संशोधन केंद्राने चालवलेल्या दुसऱ्या एका आयटीईए प्रकल्पातून संगणकावरचे मॉडेल आणि प्रत्यक्ष चाचणीयंत्र जोडणारे मानक तयार झाले, आणि तेही याच संस्थेकडे गेले.

दरम्यान मूळ भागीदारांचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. एलएमएस सीमेन्सने घेतली. सिमपॅक २०१४ मध्ये दासोकडे गेली. आयटीआय २०१६ मध्ये फ्रान्सच्या ईएसआयने विकत घेतली आणि पुढे ईएसआयच अमेरिकेच्या कीसाइटकडे गेली. क्यूट्रॉनिक २०२० मध्ये अमेरिकेच्या सिनॉप्सिसची झाली. यांपैकी कोणाच्याही मालकीचे असते तर एफएमआय त्या व्यवहारांबरोबर हात बदलत गेले असते.

सरकारी पैशाविना हे जमत नाही का?

जमते, पण त्यालाही किंमत असते. बीएमडब्ल्यू, बॉश, फोक्सवॅगन इत्यादी कंपन्यांनी २००३ मध्ये ‘ऑटोसार’ ही भागीदारी सुरू केली. मोटारीतल्या नियंत्रकांच्या मूळ सॉफ्टवेअरचे सामाईक मानक तिने बनवले. ‘मानकात सहकार्य, अंमलबजावणीत स्पर्धा’ हे तिचे घोषवाक्य. तिचा खर्च सभासदांच्या योगदानातून चालतो, त्यामुळे ती टिकली आहे. पण तिची कागदपत्रे वाचायला खुली असली, तरी व्यवसायासाठी वापरायची तर सभासदत्व घ्यावे लागते.

अलीकडे पारडे खुल्या सॉफ्टवेअरकडे झुकते आहे. खुल्या सॉफ्टवेअरचे प्रकल्प सांभाळणारी ‘एक्लिप्स फाउंडेशन’ २०२१ मध्ये ब्रुसेल्समध्ये नोंदवलेली संस्था झाली. जून २०२५ मध्ये जर्मन मोटार उद्योग संघटनेच्या पुढाकाराने अकरा कंपन्यांनी मोटारीचे मूलभूत सॉफ्टवेअर खुल्या पद्धतीने मिळून विकसित करण्याचा करार केला. यात कायद्याचाही रेटा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय सायबर-सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. उत्पादनातल्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी वर्षानुवर्षे दुरुस्त करत राहणे त्यानंतर उत्पादकाला बंधनकारक असेल, मग ते सॉफ्टवेअर त्याने स्वतः लिहिलेले असो वा नसो. गाळ काढण्याच्या कामाला कायद्याने प्रथमच असा धनी नेमून दिला आहे.

पुण्याचा संबंध

ही चर्चा मराठी वाचकांपासून दूरची नाही. दासो सिस्तेमचे एक मोठे विकास केंद्र पुण्यात आहे. २००२ मध्ये मुंबईच्या जिओमेट्रिक कंपनीबरोबरच्या भागीदारीतून ते उभे राहिले. ऑटोसारवर आधारित काम करणाऱ्या केपीआयटीचे मुख्यालयही हिंजवडीत आहे. युरोपातल्या या खोल्यांत ठरणारी मानके इथल्या अभियंत्यांच्या रोजच्या कामात उतरतात. ठरवण्यात मात्र त्यांचा वाटा अजून लहान आहे. सरकारी निधीचा दरवाजा त्यांच्यासाठी बहुतांशी बंद असला, तरी मानकाच्या देखभालीचा तसा नाही. एफएमआयचा मसुदा खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध होतो, त्यातल्या त्रुटी आणि सूचना गिटहब या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या संकेतस्थळावर सर्वांसमोर नोंदवल्या जातात, आणि ती नोंद पुण्यातून झाली की स्टुटगार्टमधून, याला तिथे महत्त्व नसते.